सेवकाची शिकवणी

गुरांच्या दवाखान्यात आयुष्य गेलं म्हटलं, की लोकांना बैलांच्या गोष्टी हव्या असतात. अडलेली गाय कशी सोडवली, मारका गोऱ्हा कसा धरला, पोट फुगलेली म्हैस कशी वाचवली. ते सगळं मी केलं आहे आणि त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. म्हशीचं पोट फुगलं की काय करायचं ते ठरलेलं असतं, आणि म्हैसही गुमान करून घेते, कारण तिला दुसरीकडे कुठे जायचं नसतं. माझं नाव झालं ते एका कुत्र्यामुळे. निरोप समारंभात साहेबांनी माझ्या हाताखालून गेलेली हजारो गुरं एका वाक्यात उरकली आणि थेट त्या कुत्र्यावर आले. तेव्हा ते कुत्रं एकदाचं लिहून टाकतो.

पन्नास सालानंतरची दोन-चार वर्षं झाली असतील. हिंगणघाटहून वडनेरकडे जाणाऱ्या सडकेवर आमचा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी खोडा आणि फिनेलचा वास. मी तिथे ड्रेसर होतो. डॉक्टरसाहेब ज्याला हात लावत नाहीत त्याला हात लावणारा, तो ड्रेसर. मी जातीनं महार. गाईला माझा हात चालायचा. गाईच्या मालकाला चालत नसे, पण माझ्या हातून बरी झालेल्या गाईचं दूध त्याला चालायचं. ही व्यवस्था कोणी केली ठाऊक नाही, पण तिच्यात गाय सोडून कोणाचीच अडचण होत नव्हती आणि गाईला कोणी विचारलं नव्हतं.

माझी नोकरी मात्र हंगामी होती. मार्चअखेर ती संपायची. पुढच्या वर्षी ठेवतील की घरी बसवतील, हे वरच्या लोकांच्या मर्जीवर. नोकरी गेली असती तर परत दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जायचं होतं. 'कायम' या तीन अक्षरांसाठी मी काय वाटेल ते करायला तयार होतो, आणि जे वाटलं नव्हतं तेच करावं लागलं.

आमच्या गावात वरचे लोक म्हणजे दादासाहेब. पूर्वीचे मालगुजार, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारे जमीनदार. मालगुजारी गेली तशी त्यांच्या अंगावर खादी आली आणि ते तालुक्याच्या जनपद सभेत जाऊन बसले. भाषण करायचे ते पुण्याच्या मराठीत, रागावायचे ते वऱ्हाडीत. अस्पृश्यता निवारणावर त्यांच्याइतकं चांगलं बोलणारा त्या भागात दुसरा नव्हता. एकदा तर भर सभेत माझ्या खांद्यावर हात ठेवून "हा माझा भाऊ" म्हणाले. घरी जाऊन त्यांनी आंघोळ केली, असं मला त्यांच्या बहिणीनंच सांगितलं.

ही बहीण म्हणजे आक्का. विधवा, वयानं दादासाहेबांपेक्षा मोठी आणि आवाजानंही. दादासाहेब शिवाशिव मानत नसत. आक्का मानते म्हणून फक्त पाळत असत. आक्का मानायची आणि तसं तोंडावर सांगायची. दोघांत मला आक्काच बरी वाटे. निदान कुठे उभं राहायचं ते तिच्याकडे नक्की असे. त्यांच्या घराला छातीएवढा उंच ओटा होता. ओट्याला दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या खाली अंगणात एक काळी फरशी. आमच्यातला माणूस कामासाठी आला की फाटकातच चपला हातात घ्यायच्या, फरशीवर येऊन उभं राहायचं आणि तिथून हाक द्यायची. उन्हाळ्यात ती फरशी अशी तापायची की माणूस आपोआप थोडक्यात बोलायचा.

अशा घरात कुत्र्याचं पिल्लू आलं. जिनिंग कारखान्याचा एक गोरा साहेब देश सोडून चालला होता, त्यानं जाताना दादासाहेबांना आपल्या अल्सेशियन कुत्रीचं पिल्लू भेट दिलं. दादासाहेबांनी त्याचं नाव ठेवलं 'सेवक'. हा त्यांचा आवडता शब्द. घरात जनसेवकांची ये-जा पुष्कळ, त्यामुळे "सेवकानं पुन्हा माजघरात घाण केली!" असा आक्काचा आवाज आला की ओट्यावरची दोन-तीन माणसं चमकून मागे पाहत.

पिल्लानं महिनाभरात घर डोक्यावर घेतलं. चरख्याजवळ ठेवलेले पेळू खाल्ले. एका कार्यकर्त्याची टोपी नेऊन विहिरीत टाकली. दादासाहेबांचं सहकारावरचं भाषण फाडलं, तेव्हा मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. त्यांनी डॉक्टरसाहेबांना बोलावून सांगितलं, की याला वळण लावा. डॉक्टरसाहेबांना कुत्र्याची भीती होती. ते म्हणाले, "आमच्या किसनला जनावरांची फार समज आहे."

मला फरशीवर उभं करून दादासाहेब म्हणाले, "हे पाहा किसन. दवाखान्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला नागपूरहून मोठे साहेब येणार आहेत. नंतर चहा आपल्याकडे. तोवर हे पिल्लू हाक मारली की आलं पाहिजे, बैस म्हटलं की बसलं पाहिजे, थांब म्हटलं की थांबलं पाहिजे. कुत्रा मालकाचं ऐकतो, हे साहेबांना दिसलं पाहिजे. एवढं कर, मग तुझं कायम होण्याचं मी त्यांच्याच कानावर घालतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नाई जमलं तं पाय तू तुयं."

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आपल्या पोट्ट्याइले शिकवाले मास्तर नाई भेटत, अन् कुत्र्याले तू शिकवतं? बरं हाय. शिकव. त्याले नोकरी लागली तं आपल्याले सांगजो."

खरं सांगायचं तर मला कुत्र्यातलं काही कळत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की जनावर पोटाच्या वाटेनं शिकतं. पहिला वाद झाला भाषेवरून. साहेब लोक कुत्र्याशी इंग्रजीत बोलतात म्हणून मी 'सिट'नं सुरुवात केली, तर दादासाहेब आतून गरजले, की इंग्रज गेला, आता त्याचे हुकूम नकोत. त्यांनी 'आसनस्थ हो' सुचवलं. शब्द पुरा होईपर्यंत पिल्लू अंगणाला चक्कर मारून यायचं. शेवटी 'बैस'वर तडजोड झाली.

दुसरा वाद शिवाशिवीचा. पिल्लू घरात सगळीकडे फिरायचं, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत. मी त्याला हात लावला आणि ते तसंच आत गेलं, तर? आक्कानं यावर बराच विचार केला. "कुत्र्याले काई नाई," ती म्हणाली, "पन तुया हात कुत्र्याले, अन् कुत्रं माया लुगड्याले, हे मले चालत नाई. पयल्या दिवशी त्याच्यावर गोमूत्र शिंपडून पायलं, तं थे माह्या तुयशीत जाऊन लोयलं. तू असं कर, हातच नको लावू." म्हणून असं ठरलं, की पिल्लू वर ओट्यावर राहील, मी खाली फरशीवर, आणि शिकवणी तोंडानं.

तर हात न लावता कुत्र्याला बसवायचं कसं, ते सांगतो. कोणाला उपयोगी पडलं तर पडलं. भाकरीचा कुटका बोटांत धरायचा आणि त्याला दाखवून हळूहळू उंच न्यायचा. पिल्लाची मान वर वर जाते. मान फार वर गेली की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी 'बैस' म्हणायचं आणि कुटका वर फेकायचा. आधी म्हणायचं नाही, नंतर म्हणायचं नाही. 'ये' त्याहून सोपं. मी फरशीच्या कडेला उकिडवा बसायचो, ते ओट्याच्या काठापर्यंत धावत यायचं, की झालं. अवघड ते 'थांब'. समोर भाकरी आहे, भूक आहे आणि तरी जागचं हलायचं नाही, हे पिल्लाच्या बुद्धीत शिरत नाही. पण हा विषय शिकवायला माझ्यापेक्षा लायक माणूस त्या गावात शोधून सापडला नसता. माझ्या बापानं आयुष्यभर तेच केलं होतं. 'थांब' सेवकाला इतकं पक्कं आलं, की कुटका नाकापुढे पडला तरी तो माझ्या तोंडाकडे पाहत लाळ गाळत बसायचा. मला त्याची दया यायची आणि कधीकधी रागही यायचा.

रोज दवाखान्यात जाण्याआधी मी फाटकात चपला काढून हातात घ्यायचो, फरशीवर उभा राहायचो आणि वर पाहून म्हणायचो, "बैस." मालगुजाराच्या ओट्यावर कोणाला तरी बसायला सांगणारा आमच्या जातीतला मी पहिलाच असेन.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दादासाहेब आरामखुर्चीत बसून म्हणाले, "सेवक, बैस." सेवकानं शेपटी हलवली. पुन्हा म्हणाले. सेवक खुर्चीखाली जाऊन कान खाजवू लागला. भाकरीचा कुटका दाखवला, तो उडी मारून घेऊन गेला. आवाज चढवला, तर तो भुंकला. मी खालून "बैस" म्हटलं, तर टुणकन बसला. दादासाहेबांच्या कपाळावरची शीर फुगली.

"हे काय शिकवलं बे तू? कुत्रं माह्यं, अन् आयकते तुयं? उद्या मले तोंडावर पाडतं का साहेबासमोर? कायम होतो म्हणे! हंगामी राह्यला तरी मायच पावली समज!"

काय चुकलं ते मलाच कळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळे उपाय केले. दादासाहेबांनी माझ्यासारखा आवाज काढून पाहिला, माझ्यासारखी भाकरी धरून पाहिली. सेवक त्यांच्याकडे प्रेमानं बघायचा, पण बसायचा नाही. मी घरी गेलो ते वावरात पुन्हा कापूस वेचायची तयारी मनाशी करतच.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन पार पडलं. साहेब आणि त्यांच्याबरोबरची मंडळी दादासाहेबांच्या ओट्यावर खुर्च्यांवर बसली. पोहे आले, चहा आला. वर्ध्याहून फोटोवाला आला होता. मी फाटकाजवळ गर्दीत उभा होतो. दादासाहेबांनी कुत्र्याचा विषय काढायचं टाळलं, पण साहेबांनीच सेवकाच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "काही शिकवलंय की नाही याला?"

"हो तर. सेवक, बैस," दादासाहेब म्हणाले.

सेवकानं साहेबांच्या बशीतले पोहे खाल्ले.

दादासाहेबांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. मी धावत आलो, चपला हातात, फरशीवर उभा राहिलो आणि म्हणालो, "सेवक, बैस." तो बसला. "थांब." थांबला. समोर अख्खी बशी होती, तरी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. साहेबांना गंमत वाटली. हसून म्हणाले, "वा! हा तर मालकाचं ऐकत नाही, गड्याचं ऐकतो!" मंडळी हसली. दादासाहेब हसले नाहीत. माझं कायम होणं त्या हसण्यात वाहून चाललेलं मला डोळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात दारातून आक्काचा आवाज आला. पाहुण्यांसमोर यायचं नाही हा तिचा नेम, पण बोलायचं नाही असा नव्हता.

"दादा, थे कुत्रं काई मानूस ओयखत नाई. थे जागा ओयखते. मी रोज दारातून पाह्यतो ना. जो खाली फरशीवर उभा राह्यते, चपला हातात घेऊन, त्याचंच आयकाचं असते, असं समजून राह्यलं थे. खुर्चीवरचं बोलनं त्याच्या हिशेबी नुसतं बोलनं. तुले पायजे अशीन तं खाली जाय."

साहेब म्हणाले, "अरे, मग जाऊन पाहा ना!" मोठ्या साहेबाचा शब्द. दादासाहेब उठले, चपला घातल्या आणि पायऱ्या उतरले. मी फरशी सोडली, पण कुठे जावं कळेना. वर जाता येत नव्हतं, साहेबांना पाठ दाखवून गर्दीपर्यंत पळता येत नव्हतं. मी तुळशीवृंदावनामागे जाऊन उभा राहिलो. दादासाहेब फरशीवर उभे राहून म्हणाले, "बैस." सेवकानं त्यांच्या पायांकडे पाहिलं. आतून आवाज आला, "चपला, दादा!" दादासाहेबांनी चपला काढल्या, हातात घेतल्या, स्वतःच्याच ओट्याकडे मान वर करून पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सेवक, बैस."

सेवक बसला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाल्यानं फोटो काढला. आणि साहेब भारावून उभे राहिले. म्हणाले, की हरिजन बंधू जिथे उभा राहतो तिथे स्वतः अनवाणी उभा राहणारा पुढारी त्यांनी आजवर पाहिला नव्हता. समतेचा हा धडा सगळ्यांनी घ्यावा. वर्तमानपत्रात फोटोसकट बातमी आली. फोटोत दादासाहेब आहेत, कुत्रा आहे. मी तुळशीमागे असल्यामुळे नाही.

इतकं नाव झाल्यावर दादासाहेबांना शब्द पाळावा लागला. मी कायम झालो. त्याच टपालानं माझी समुद्रपूरला बदलीही झाली. कायम केलं ते कामासाठी, आणि बदली केली ती मी रोज डोळ्यांसमोर नको म्हणून, असं मी समजलो. बायको म्हणाली, "तिथी तरी मास्तर अशीन." होता. पोरगा शाळेत गेला.

समुद्रपुरात माझी कीर्ती माझ्याआधी मोटारीनं पोहोचली होती. लोक गळू झालेला बैल सोडून कुत्री घेऊन यायला लागले. एक गुरुजी आले. त्यांचं पिल्लू 'ये' म्हटलं की पळून जायचं. मी म्हटलं, म्हणून दाखवा. गुरुजींनी सवयीनं छडी उचलली आणि म्हणाले, "ये." पिल्लू गेलं. आक्काचं बोलणं तेव्हा मला पुरतं उमगलं. कुत्रं नुसता शब्द शिकत नाही. तुम्ही तो कुठून बोलता, हातात काय धरून बोलता, ते सगळं शिकतं. गुरुजींना विचारलं, "पोरं येतात का बोलावल्यावर?" ते म्हणाले, "थेबी येत नाईत रे."

छप्पन सालच्या दसऱ्याला आम्ही सारं घर नागपूरला गेलो आणि दीक्षा घेऊन आलो. त्यानंतर मी चपला हातात घेणं बंद केलं. सांगायला सोपं आहे, पण कितीतरी दिवस एखादं मोठं फाटक दिसलं की हात आपोआप खाली जायचा. तो मागे घ्यावा लागायचा. सेवकापेक्षा मला ती शिकवणी जड गेली.

मग माझी बदली परत जुन्या दवाखान्यात झाली. मधल्या काळात राजधानी नागपूरहून मुंबईला गेली होती आणि दादासाहेबांचं वजनही तिच्याबरोबर गेलं होतं. डॉक्टरसाहेब रजेवर होते, तेव्हा एक दिवस दादासाहेबांकडचा माणूस आला. सेवकाच्या मानेवर मोठं गळू झालं होतं. मी पिशवी घेऊन गेलो. चैत्रातली दुपार. फरशी तशीच होती. मी तिला वळसा घालून पायऱ्या चढलो, आणि सगळे पाहुणे काढतात तशा वरच्या पायरीवर चपला काढल्या.

"या किसनराव," दादासाहेब म्हणाले. आरामखुर्चीतून थोडे उठल्यासारखे झाले. "वरच या. आता कायदाच झालाय."

सेवक धिप्पाड झाला होता. त्यानं मला ओळखलं. अंगावर आला, हात चाटले. पहिल्यांदाच, कारण शिकवणीच्या पहिल्या दिवसानंतर माझा हात त्याला कधी लागलाच नव्हता. पण गळूला हात लावू देईना. तो स्थिर बसल्याशिवाय चिरा देता येत नव्हता. मी म्हटलं, "सेवक, बैस."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली फरशीकडे पाहिलं. फरशीवर कोणी नव्हतं. तो शेपटी हलवत उभाच राहिला. मी पुन्हा म्हटलं. नाही. मीच शिकवलेला, पण आता मी वर होतो आणि वरच्यांचं बोलणं त्याच्या हिशेबी नुसतं बोलणं होतं. आयुष्यात माझा एवढा पक्का विद्यार्थी झाला नाही आणि कोणी माझं ऐकत नाही याचा मला एवढा आनंदही कधी झाला नाही.

दादासाहेब म्हणाले, "असा नाही बसायचा तो. तुम्ही जरा खाली जाऊन सांगा, लगेच बसेल."

त्यांच्या मनात काही नव्हतं. सरळपणानं म्हणाले. आणि खोटं कशाला सांगू, माझे पाय पायरीकडे वळलेसुद्धा. एक पायरी उतरलोही असेन. मग वाटलं, मी कायम आहे. मला कोण काढणार आहे? मी परत वर आलो.

"खालून चिरा कसा देऊ, दादासाहेब? माझा हात इथं लागतो," मी म्हणालो. "तुम्ही जा."

ते खुर्चीतून हलले नाहीत. आक्का दारात बसली होती, डोळे गेल्यातच जमा होते, पण कान शाबूत. ती म्हणाली, "जाय ना रे दादा. तुले येते थे."

दादासाहेब उठले. पायऱ्या उतरले, चपला काढून हातात घेतल्या आणि तापलेल्या फरशीवर उभे राहिले.

"सेवक, बैस."

सेवक बसला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, चिरा दिला. हूं की चूं केलं नाही त्यानं. पू निचरू लागला.

"झालं का?" खालून दादासाहेबांनी विचारलं. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

"थांबा जरा," मी म्हणालो.

गळू निचरायला वेळ लागतो. ती घाई करण्याची गोष्ट नव्हे. मी कापसाचा बोळा लावून ठेवला, उठलो आणि मागे पाहिलं. 'बैस' हा हुकूम कुत्र्यालाच होता. पण खुर्ची रिकामी होती, म्हणून मीही बसलो.